साठीच्या आतला स्मृतिभ्रंश : प्रस्तावना

पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार भरात असतो तेव्हा घराचा कारभार ज्याच्या डोक्यात असतो तो माणूस बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीचा असतो. कालचा भाव काय होता, कोणाच्या मजुरीची उचल फिटायची आहे, किती कट्टे गेले, काट्यावर किती भरले, आडतीतून काय कापले गेले, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. वडील थकलेले, मुलगा कॉलेजात, बायको शेतात. घराचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर.

अशा माणसाच्या हिशेबात चूक होऊ लागली तर आजाराची शंका कोणालाच येत नाही. तो पट्टी हातात घेतो, वाचतो, पुन्हा वाचतो, खिशात घालतो आणि थोड्या वेळाने ती शोधू लागतो. सुटे पैसे मोजताना मध्येच थांबतो. रोजच्या पांदीच्या फाट्यावर गाडी उभी करतो आणि डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे त्याला सुचत नाही. बायको सांभाळून घेते, चारचौघांत त्याच्या आधी उत्तर देऊन टाकते. भावांना वाटते हा पैसे दडवतो आहे. गावाला वाटते हा पिऊ लागला. मग कोणीतरी ‘बाहेरचं’ असल्याचे सुचवतो. आमच्या तालुक्यातल्या जाळीच्या देवाला नाहीतर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला खेपा सुरू होतात. मेंदूचा डॉक्टर पाहायचा तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि तिथे पोहोचेपर्यंत काही वर्षे निघून गेलेली असतात. दरम्यान जमिनीचा एखादा व्यवहार झालेला असतो, कर्ज थकलेले असते, घरातली नाती तुटायला आलेली असतात.

पासष्टीच्या आत सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशाला वैद्यकात अकाली म्हणजे कमी वयातला स्मृतिभ्रंश म्हणतात. हे पुस्तक त्याविषयी, आणि मुख्यतः त्यामागे मेंदूत साचत जाणाऱ्या प्रथिनांविषयी आहे. म्हातारा माणूस विसरला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण त्याला माफ करतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृतचा विद्वान पाहून मराठी प्रेक्षकाचे मन द्रवले, कारण त्या पांढऱ्या केसांना विस्मरण शोभून दिसते असे आपल्याला मनातून वाटते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला ही सवलत मिळत नाही. त्याला आळशी, लबाड, व्यसनी नाहीतर झपाटलेला ठरवले जाते. हे पुस्तक मराठीत, आणि तेही आमच्यासारख्या गावांत वाचले जावे, असे मला इतके तळमळून वाटते ते यासाठी.

यातल्या अल्झायमर या आजाराची वैद्यकातली पहिली ओळखसुद्धा अशाच मधल्या वयाच्या एका बाईमुळे झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर ही बाई दाखल झाली. वय ५१. नवरा रेल्वेत कारकून. सुरुवात विसरण्यापासून झालीच नव्हती. नवऱ्याचे दुसरीशी संबंध आहेत असा संशय तिच्या मनाने घेतला होता. नंतर स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू लपवणे सुरू झाले, रात्री आरडाओरडा वाढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसले आणि त्यांनी प्रश्न व उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली. नाव विचारले तर तिने ऑगुस्ट सांगितले. आडनाव विचारले तरी ऑगुस्ट. नवऱ्याचे नाव विचारले तेव्हा अडखळत पुन्हा ऑगुस्टच. जेवताना तिच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाते आहेस असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तर ‘श्रीमती’ एवढे लिहून पुढचे विसरली. आपण स्वतःच हरवलो आहोत, असे मात्र तिने त्यांना सांगितले. तेवढे तिला कळत होते.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते; तिचा मेंदू त्यांनी तिथे मागवून घेतला. पातळ काप काढून चांदीच्या क्षाराने रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी कसल्यातरी पदार्थाचे साचलेले पुंजके (साचे), आणि पेशींच्या आत दोऱ्यांचा गुंता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले तेव्हा श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. बाईची फाइल गहाळ झाली होती, ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.

पुढची पन्नासेक वर्षे ‘अल्झायमर’ म्हणजे मधल्या वयाचा एक दुर्मीळ आजार, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हातारपणचे विसरणे वेगळे, ते वयाबरोबर यायचेच, अशी समजूत होती. इंग्लंडात न्यूकॅसल इथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ मध्ये वृद्धांचे मेंदू तपासून विसराळूपणा आणि हे साचे यांचा संबंध दाखवला तेव्हा ती भिंत पडू लागली. ऑगुस्टच्या मेंदूत जे होते तेच सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्याही मेंदूत होते. म्हणजे जगभरच्या कोट्यवधी वृद्धांच्या आजाराची उकल मूठभर तरुण रुग्णांमुळे सुरू झाली. हाच क्रम पुढेही टिकला. या विषयात जे काही पक्के कळले त्यातले बरेचसे कमी वयाच्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दिले आहे.

साच्यांतले प्रथिन कोणते, हे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी शोधून काढले. आज त्याला अ‍ॅमिलॉइड बीटा म्हणतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांच्या मेंदूतही तेच सापडले. या माणसांत २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, आणि चाळिशीपर्यंत त्यांच्या मेंदूत हे साचे झालेले असतात. तेव्हा या प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असावे, हा अंदाज आला आणि १९८७ मध्ये तो खरा ठरला. १९९१ मध्ये लंडनला जॉन हार्डी, अ‍ॅलिसन गोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या लवकर विस्मरण येणाऱ्या एका कुटुंबात त्याच जनुकातला बिघाड सापडला. १९९५ मध्ये प्रिसेनिलिन नावाची आणखी दोन जनुके हाती लागली.

मेंदूच्या पेशींच्या आवरणात एक लांब प्रथिन थोडे आत, बरेचसे बाहेर असे रोवलेले असते. ते दोन विकर (एन्झाइम) दोन ठिकाणी कापतात. दुसऱ्या विकराचे पाते म्हणजेच प्रिसेनिलिन. कापून निघालेला तुकडा बहुतेक वेळा ४० अमिनो आम्लांचा असतो, आणि तो धुऊन निघून जातो. काप जरा पुढे बसला की ४२ चा तुकडा निघतो. दोनच अमिनो आम्ले जास्त, पण हा तुकडा चिकट असतो. एकाला एक लागत त्याचे लहान गुच्छ होतात, गुच्छांचे तंतू होतात आणि तंतूंचे साचे. वारसाने येणाऱ्या बिघाडांपैकी बहुतेकांत एकूण तुकडे तरी जास्त निघतात, नाहीतर ४२ च्या तुकड्यांचे प्रमाण वाढते. साच्यांपेक्षा ते लहान, विरघळलेले गुच्छच पेशींच्या जोडांना अधिक घातक असावेत, असे अनेक संशोधकांचे मत आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने याच लहान गुच्छांची घडण प्रकाशकिरणांच्या साहाय्याने अभ्यासली आहे. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट पार्किन्सनशी निगडित अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन कसे गोळा होते ते पाहतो. हे काम आपल्याच राज्यात चालले आहे, हे आमच्या शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवे.

दुसरे प्रथिन टाऊ. ते पेशीच्या आत असते आणि पेशीच्या लांब तंतूतून मालाची ने-आण करणाऱ्या नळ्यांना आधार देते. त्यावर फॉस्फेटचे प्रमाण फार वाढले की ते नळ्यांवरून सुटते, आपसात गुंतते आणि पेशी आतून मरू लागते. अल्झायमरांनी पाहिलेला गुंता हाच. अ‍ॅमिलॉइड मेंदूभर पसरलेले असूनही माणूस बराच काळ धडधाकट राहू शकतो. टाऊ जिथे जाते तिथले काम मात्र बंद पडते. आणि टाऊ पसरते. विरजणाचा थेंब जसा आख्ख्या भांड्यातले दूध आपल्यासारखे करून टाकतो, तसा चुकीच्या घडीचा एक रेणू शेजारच्या नीट घडीच्या रेणूला आपल्या वळणावर नेतो आणि ही खोड एका पेशीतून दुसरीत जाते. प्रथिनाची ‘घडी’ हा या पुस्तकाचा कणा आहे. लेखकांनी त्यावर पूर्ण प्रकरण खर्च केले ते योग्यच आहे, वाचकाने ते घाईने उरकू नये.

यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे काळाचे गणित. वारसाने हा बिघाड आलेल्या कुटुंबांचा अनेक देशांत मिळून चाललेला एक अभ्यास अमेरिकेतल्या सेंट लुईसहून चालवला जातो. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लक्षणे दिसण्याच्या सुमारे २५ वर्षे आधी पाठीच्या कण्यातल्या द्रवात अ‍ॅमिलॉइडचे प्रमाण बदलू लागते, आणि सुमारे १५ वर्षे आधी ते मेंदूच्या चित्रात दिसू लागते. आता हे आमच्या मिरची बाजारातल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला लावून पाहा. त्याचा आजार अशा कुटुंबांतला असेल, तर त्याच्या मेंदूतली पहिली हालचाल त्याचे लग्न ठरत होते त्या सुमाराची. ज्या बायकोच्या पायगुणावर पुढे घरातले बोट ठेवतात, ती उंबऱ्याच्या आत आली तेव्हा आजाराचे बी पडलेले होते किंवा पडण्याच्या बेतात होते.

आता कोलंबियातल्या अँटिओकियाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या पुस्तकातला तो भाग मला आपल्या सर्वांत जवळचा वाटला. डोंगराळ, शेतीवर जगणारा मुलूख. तिथल्या काही घरांत चाळिशीत माणसे खुळावत. लोक त्याला खुळेपणाचे आपले नाव देत आणि शाप, करणी, झाडाला हात लावल्याचा दोष असे काहीबाही कारण सांगत. १९८० च्या दशकात मेदेयिनचे मेंदूतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांच्याकडे असाच सत्तेचाळिशीतला एक रुग्ण आला. वडील, आजोबा, भाऊबंद, सगळ्यांचे तेच झाल्याचे घरच्यांनी सांगितले. लोपेरा आणि परिचारिका लुसिआ माद्रिगाल गावोगाव फिरले, चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या जुन्या वह्या त्यांनी चाळल्या, आणि वंशवेल मागे मागे नेत अठराव्या शतकापर्यंत पोहोचवली. १९९५ मध्ये कळले की या सगळ्यांत प्रिसेनिलिनच्या एका जागी एकच बदल आहे. सुमारे ६,००० माणसांच्या त्या गोतावळ्यात बिघाड असलेले हजाराच्या वर निघाले. त्यांना साधारण ४४ व्या वर्षी विसर पडू लागतो आणि ४९ च्या आसपास पूर्ण स्मृतिभ्रंश येतो.

त्या गोतावळ्यातल्या एका बाईची हकिकत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. बिघाड तिच्यातही होता, मेंदू अ‍ॅमिलॉइडने भरलेला होता, पण सत्तरी येईपर्यंत तिला फारसा त्रास झाला नाही. तपासल्यावर तिच्यात दुसऱ्याच एका जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार, ‘क्राइस्टचर्च’ नावाचा, दोन्ही प्रतींत सापडला. तिच्या मेंदूत टाऊ अगदी कमी होते. २०२३ मध्ये त्याच कुलातला एक पुरुष असाच सापडला. तो ६७ वर्षांपर्यंत शाबूत राहिला होता, आणि त्याला वाचवणारा बदल रीलिन या आणखी निराळ्या प्रथिनातला होता. अ‍ॅमिलॉइड असूनही टाऊला आवर घालता येतो, हे या दोन माणसांनी जगाला दाखवले. लोपेरा २०२४ मध्ये वारले.

वंश लक्षात ठेवण्यात आपण कमी नाही. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या आहेत. सोयरीक जुळवताना आमच्या आजीबाई दोन्हीकडचे चार पिढ्यांचे गोत सांगतात, कोणाचा चुलता वेडा होऊन गेला हेही त्यांना ठाऊक असते. ते फक्त दबक्या आवाजात बोलले जाते, कारण उघड झाले तर पोरीचे लग्न अडेल. ही माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. ‘घरात आधी कोणाला असे झाले होते का?’ या प्रश्नाला दवाखान्यात हमखास ‘नाही’ असे उत्तर मिळते. माझे म्हणणे एवढेच आहे की ती आजीबाई या शास्त्रातली महत्त्वाची साक्षीदार आहे, आणि तिला बोलते करणे हे या पुस्तकाचे एक काम आहे. लग्नाच्या धास्तीपोटी होणारा एक गैरसमजही इथेच दूर करतो. हे बिघाड मामाच्या मुलीशी लग्न केल्याने येत नाहीत. आई किंवा बाप, एकाकडून आलेली एकच प्रत पुरते, आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय कमी वयातल्या सगळ्याच रुग्णांत असा वारसा असतो असे नाही. बहुसंख्यांत तो सापडत नाही.

विसरण्याने सुरू न होणारा एक प्रकार कमी वयात बराच आढळतो. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागाचा ऱ्हास होतो आणि आधी स्वभाव पालटतो. शांत माणूस शिव्या देऊ लागतो, काटकसरी उधळू लागतो, मुलगी आजारी असली तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही, गोड दिसेल ते खात सुटतो. प्राग शहरात आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये मेंदूच्या अशा ऱ्हासाची नोंद केली. इथे साचणारे प्रथिन काहींत टाऊ असते, काहींत टीडीपी-४३. हे दुसरे २००६ मध्ये ओळखले गेले. स्मृती बरीचशी शाबूत असल्याने घरच्यांना हा आजार वाटतच नाही, माणूस वाईट निघाला असे वाटते. त्या प्रकरणातली लक्षणे वाचताना ओळखीचा एखादा चेहरा डोळ्यांपुढे येईल. त्याच्यावर ठेवलेले आरोप तेव्हा पुन्हा तपासून पाहावेत.

आपल्या देशाचा आकडा द्यायचा तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीवरच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पण ही मोजणीच साठीपासून सुरू होते. आमचा अठ्ठेचाळिशीचा माणूस तिच्यात नाही. म्हणून मला कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्याचे काम मोलाचे वाटते. तिथल्या श्रीनिवासपुरा या आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तालुक्यात बंगळूरच्या मेंदू संशोधन केंद्राने २०१८ पासून खेड्यांतली माणसे वर्षानुवर्षे तपासायला घेतली आहेत. उद्दिष्ट १०,००० जणांचे, आणि वय ४५ पासून पुढे. शेतकरी, मजूर, न शिकलेल्या बायका, सगळे त्यात आहेत. बंगळूरच्याच निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे. मृत्यूनंतर मेंदू दान केल्याशिवाय कोणते प्रथिन साचले होते, हे अनेकदा पक्के सांगता येत नाही. नेत्रदान आता गावागावांत रुजते आहे; मेंदूच्या दानाचा शब्दही आमच्याकडे कोणी काढत नाही. मराठवाड्यात श्रीनिवासपुरासारखे काम उभे राहावे, ही माझी उघड मागणी आहे.

औषधांबद्दल लेखकांनी सावधपणे लिहिले आहे, तेच मला पटते. अ‍ॅमिलॉइड धुऊन काढणाऱ्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षात घसरण २७ टक्के मंदावली, थांबली नाही. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय, हे आमच्या गावातून कसे जमायचे? अँटिओकियाच्या कुटुंबांनी २०१३ पासून वर्षानुवर्षे एका औषधाच्या चाचणीत भाग घेतला. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. अ‍ॅमिलॉइडच्या एका विशिष्ट गुच्छावर बोट ठेवणारा २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांत फेरफार झाल्यामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याने सगळा अ‍ॅमिलॉइड विचार कोसळत नाही, कारण त्याचा पाया जनुकांच्या पुराव्यावर आहे. पण नुसते साचे साफ करून भागणार नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

हे पुस्तक वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. चाळिशी-पन्नाशीतल्या विसराळूपणाची बरी होणारी कारणे आधी शोधावी लागतात. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, खोल नैराश्य, दारू, डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त. यांतल्या कित्येकांचा छडा साध्या रक्ततपासणीने किंवा एका स्कॅनने लागतो. शंका आली तर घरच्यांनी तारीख घालून वहीत लिहीत जावे. काय विसरला, कुठे अडला, कधी चिडला, हे डॉक्टरला फार उपयोगी पडते. आणि जमिनीची, बँकेची कागदपत्रे त्याला समजते आहे तोवरच त्याच्याशी बोलून मार्गी लावावीत.

मुलांची जनुकतपासणी करावी का, हा प्रश्न शेवटच्या प्रकरणात आहे. त्याचे एकच उत्तर नाही. उपाय हातात नसताना विशीतल्या मुलाला त्याचे पन्नासावे वर्ष सांगून टाकायचे का? अँटिओकियातल्या अनेकांनी संशोधनाला रक्त दिले, पण स्वतःचा निकाल त्यांना सांगितला गेला नव्हता. पुढे काहींनी तो मागितला, काहींना नको होता. निर्णय सज्ञान झालेल्या त्या मुलाचा किंवा मुलीचा. आईबापाचा नाही, होणाऱ्या सासरचा तर मुळीच नाही. ज्यांच्या घरी आत्ता असा माणूस आहे त्यांनी प्रथिनांची प्रकरणे मागे ठेवून आधी देखभालीचे प्रकरण वाचावे. त्यात आंघोळ, झोप, संशय आणि घराबाहेर निघून जाणे यांविषयी जे लिहिले आहे ते आज रात्रीच उपयोगी पडेल.

पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन, जि. जालना